मेट्रोच्या एका किलोमीटरच्या पैशात बसमार्गाचे सात. मग पुण्याने बीआरटी का उखडली?

ढोकी, मुरूड, येडशीहून पुण्याला निघालेली गाडी ज्या रस्त्याने शहरात शिरते, त्याच रस्त्यावर देशातला पहिला बीआरटीचा प्रयोग झाला होता. आता तिथे मेट्रो येते आहे. या दोन्हींचा हिशेब काय, समजून घेऊया.

ढोकीतून पुण्याला जाणाऱ्या माणसाला रस्ता तोंडपाठ असतो. येडशी, बार्शी, कुर्डुवाडी करत गाडी टेंभुर्णीला सोलापूर-पुणे महामार्गाला लागते. इंदापूर, भिगवण, यवत मागे पडतात. इथवर सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललेलं असतं. पुढे हडपसर येतं आणि पाच-सहा तासांचा प्रवास करून आलेली गाडी शेवटच्या आठ-दहा किलोमीटरला मुंगीच्या पावलाने सरकू लागते. डिक्कीत ज्वारीचं पीठ, तुरीच्या डाळीचा डबा आणि तेलाचा कॅन. खिशातल्या फोनवर भावाचा मेसेज, ‘उतरलास का?’

तेरणा साखर कारखान्याचं गाव म्हणून ओळख असलेल्या ढोकीतून आणि आसपासच्या पट्ट्यातून गेल्या पंधरा-वीस वर्षांत शिक्षणाला, नोकरीला पुण्याला गेलेल्यांची संख्या मोठी आहे. खोली घ्यायची तर हडपसर, मांजरी, फुरसुंगीच्या बाजूला, कारण गावची गाडी तिथेच थांबते. नोकरी लागते ती अनेकदा हिंजवडीला, म्हणजे शहराच्या थेट दुसऱ्या टोकाला. रोजचे पंचवीस-तीस किलोमीटर जायला आणि तेवढेच यायला. यातला पगाराचा किती भाग आणि आयुष्याचे किती तास रस्त्यावर जातात, हा त्यांच्यासाठी शहर नियोजनाच्या पुस्तकातला प्रश्न नाही.

हडपसरच्या रस्त्यावर नेमकं काय झालं होतं?

डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बीआरटी सुरू झाली. बीआरटी म्हणजे बस रॅपिड ट्रान्झिट, साध्या भाषेत जलद बससेवा. केंद्राच्या ‘जेएनएनयूआरएम’ योजनेतून शहरांना निधी मिळू लागला होता आणि देशात असा प्रयोग करणारं पुणे पहिलं शहर ठरलं.

कल्पना सोपी होती. रस्त्याच्या मधोमध दोन लेन फक्त बससाठी राखून ठेवायच्या. बाजूला गाड्या कितीही तुंबल्या तरी बस पुढे जात राहील. प्रत्यक्षात ही राखीव लेन सलग नव्हतीच. काही अंतर ती असायची, मग चौक किंवा उड्डाणपूल आला की गायब व्हायची आणि बस पुन्हा त्याच गर्दीत शिरायची. मधल्या थांब्यापर्यंत पोहोचायला प्रवाशाने भरधाव वाहनांमधून रस्ता ओलांडायचा. लेनमध्ये दुचाकी घुसायच्या. बहुतेक बस मात्र त्याच जुन्या, उंच पायऱ्यांच्या. अपघात झाले, वर्तमानपत्रांत मथळे आले आणि ‘बीआरटी’ हा शब्द पुण्यात जवळपास शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

रस्त्यावर रंग मारून एक लेन वेगळी केली म्हणजे बीआरटी होत नाही. पुण्यात पहिल्या टप्प्यात झालं ते बरंचसं तेवढंच होतं.

मग खरी बीआरटी कशी असते?

बसचा वेळ कुठे जातो, ते पाहिलं की हे कळतं. समजा एका थांब्यावर २० प्रवासी चढतात. एकच दार, तीन पायऱ्या, हातात पिशव्या. प्रत्येकाला ३ सेकंद लागले तरी एक मिनिट गेलं. असे २० थांबे म्हणजे २० मिनिटं. यात ट्रॅफिक धरलेलंच नाही. आता बसच्या तळाइतकाच उंच फलाट करा, दार रुंद करा, तिकीट आधीच काढलेलं असू द्या. माणूस सेकंदभरात आत. २० थांब्यांवर मिळून १३ मिनिटं वाचतात, तीही बसचा वेग ताशी एका किलोमीटरनेही न वाढवता.

म्हणून बीआरटीच्या जाणकारांचा आग्रह चार-पाच गोष्टींवर असतो. लेन सलग आणि रस्त्याच्या मधोमध हवी, म्हणजे दुकानासमोर थांबलेला टेम्पो किंवा गल्लीतून वळणारी रिक्षा आडवी येत नाही. फलाट आणि बसचा तळ एका उंचीवर हवा. तिकीट स्टेशनातच काढलेलं असावं. सिग्नलला बसला प्राधान्य हवं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बस भरपूर हव्यात. यातली एक गोष्ट काढली की उरलेल्या गोष्टींचा फायदा निम्मा होतो. पुढे २०१५ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडने ‘रेनबो बीआरटी’ आणली, तेव्हा उंच फलाट आणि उजव्या बाजूला दार असलेल्या बस आल्या. संगमवाडी-विश्रांतवाडी आणि सांगवी-किवळे हे मार्ग आधी सुरू झाले, मग नाशिक फाटा-वाकड, २०१६ मध्ये नगर रस्ता, २०१८ मध्ये निगडी-दापोडी. पण तिकीट बसमध्ये कंडक्टरकडेच राहिलं. अहमदाबादने २००९ मध्ये ‘जनमार्ग’ सुरू करताना तिकीट खिडकी थेट स्टेशनात नेली होती. फरक लहान वाटतो. दर थांब्यावर तो मोजावा लागतो.

पैशांचा हिशेब काय सांगतो?

इथे आकडे बोलके आहेत. पुणे मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला केंद्राने डिसेंबर २०१६ मध्ये मंजुरी दिली तेव्हा सुमारे ३१ किलोमीटरसाठी ११,४२० कोटींचा खर्च धरला होता. म्हणजे किलोमीटरला साधारण ३६५ कोटी. त्यातला काही भाग भुयारी आहे. नागपूरचा पहिला टप्पा ३८.२ किलोमीटरचा, मंजूर खर्च ८,६८० कोटी, किलोमीटरला २२७ कोटी. मुंबईची मेट्रो-३ जवळपास पूर्ण भुयारी आहे. ३३.५ किलोमीटरसाठी २०२२ मध्ये सुधारित खर्च ३३,४०५ कोटींवर गेला, म्हणजे एका किलोमीटरला जवळपास हजार कोटी.

आणि आता हडपसर. खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला आणि नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग या दोन मार्गांना केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. साधारण ३१.६ किलोमीटर, सगळे उन्नत, खर्च ९,८५७ कोटी. किलोमीटरला ३१२ कोटी. काम पाच वर्षांत पूर्ण करायचं आहे.

बीआरटीचे समर्थक किलोमीटरला १०-२० कोटींचा आकडा सांगतात. तो जरा गोड आकडा आहे. रस्ता आधीच रुंद असेल, जागा घ्यावी लागणार नसेल, तरच तो खरा ठरतो. शेजारच्या कर्नाटकातलं हुबळी-धारवाड पाहिलं तर चित्र जास्त प्रामाणिक दिसतं. तिथल्या सुमारे २२ किलोमीटरच्या मार्गासाठी रस्ता रुंदीकरण, जागा, आगार असं सगळं धरून खर्च हजार कोटींच्या आसपास गेला. म्हणजे किलोमीटरला ४५ कोटी. त्या हिशेबाने हडपसर मेट्रोच्या एका किलोमीटरच्या पैशात बसमार्गाचे सात किलोमीटर होतात. २० कोटींचा आकडा धरला तर पंधरा.

तरीही ही तुलना अपुरी आहे. मेट्रोचा खांब रस्त्याची फार कमी जागा खातो. बीआरटी दोन लेन मागते. पैसा वाचतो, पण रस्ता द्यावा लागतो. तो कुणाकडून घ्यायचा, यावरच सगळं राजकारण अडतं.

पण बस मेट्रोइतकी माणसं नेईल का?

नेहमीच्या बसमध्ये बसलेले-उभे मिळून ७० जण धरा. मिनिटाला एक बस सोडली तर तासाला एका दिशेने ४,२०० प्रवासी. अर्ध्या मिनिटाला एक सोडली तर ८,४००. १८ मीटरची जोडबस वापरली, तिच्यात १५० माणसं मावली, तर मिनिटाला एक बस सोडूनही ९,०००.

त्याच लेनमधून तासाला दीड हजार मोटारी गेल्या आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस धरला, तर होतात २,२५० माणसं. ‘रिकामी लेन बघा, वाया चाललीये’ असं शेजारच्या मोटारीतून वाटतं ते यामुळेच. मिनिटाला एकच बस जाणारी लेन रिकामी दिसते, पण मोटारींनी खच्चून भरलेल्या लेनच्या जवळपास दुप्पट माणसं नेत असते. अर्थात मिनिटाला एक बस जात असेल तर. दहा मिनिटांनी एक जात असेल, तर शेजारच्या मोटारवाल्याचा राग रास्त आहे.

जगात बीआरटीची सुरुवात ब्राझीलच्या कुरिचिबा शहरात १९७४ मध्ये झाली. कोलंबियाच्या बोगोटाने डिसेंबर २००० मध्ये ‘ट्रान्समिलेनियो’ सुरू केली आणि आकडे बदलले. स्टेशनापाशी एका बसला दुसरीला ओलांडून जाता येईल अशी जादा लेन ठेवल्यामुळे तिथल्या गर्दीच्या पट्ट्यात तासाला एका दिशेने ४० हजारांहून अधिक प्रवासी जातात. हे आपल्याकडच्या कित्येक मेट्रोंपेक्षा जास्त आहे. मात्र त्या बस इतक्या भरतात की लोक वैतागतात, आणि बोगोटाही आता स्वतःची पहिली मेट्रो बांधते आहे. जकार्ताने २००४ मध्ये बीआरटी सुरू केली, ती जगातल्या सर्वांत लांब जाळ्यांपैकी एक झाली, आणि २०१९ मध्ये तिथेही मेट्रो आली. एक काढून दुसरं आणलं नाही. आधी स्वस्त जाळं पसरलं, मग जिथे गर्दी मावेना तिथे रूळ टाकले.

ही गोष्ट ढोकीच्या पट्ट्याला नवी नाही

‘महाग रेल्वे परवडत नाही, मग स्वस्त पर्याय कोणता?’ हा प्रश्न या भागाने सव्वाशे वर्षांपूर्वीच सोडवला होता. मुंबई-सोलापूर रेल्वेमार्गाने बार्शीसारख्या मोठ्या बाजारपेठेला बगल दिली. स्टेशन झालं ते २१ मैलांवर, ‘बार्शी रोड’ नावाने. तेच आजचं कुर्डुवाडी. ब्रॉडगेजचा खर्च करायला कुणी तयार नव्हतं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीच्या रुळांचा मार्ग मांडला. त्याचं सूत्र असं की कोणत्याही डब्याच्या किंवा इंजिनाच्या आसावरचा भार ५ टनांपलीकडे जाऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि खर्च आटोक्यात राहतो.

बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. १९०७ मध्ये ती तडवळ्यापर्यंत आली, १९११ मध्ये लातूरला पोहोचली, दुसऱ्या बाजूला पंढरपूर आणि १९२७ मध्ये मिरज. याच पट्ट्यातून धावणारी ती छोटी गाडी आजही साठीतल्या लोकांना आठवते. हळू होती, पण होती. शंभरी ओलांडल्यावर, २००७-०८ च्या सुमारास लातूर-धाराशिव-कुर्डुवाडी ब्रॉडगेज झाली आणि तेव्हा मार्ग धाराशिव शहरावरून वळवण्यात आला.

कॅलथ्रॉपने रूळ अरुंद केले, पण गाडी पूर्ण चालवली. स्टेशनं बांधली, इंजिनं आणली, मार्ग अर्ध्यात तोडला नाही. पुण्याच्या बीआरटीत नेमकं हेच झालं नाही.

मग शहरं बीआरटी का काढतायत?

दिल्लीत आंबेडकरनगर ते मूलचंद हा साडेपाच-सहा किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये सुरू झाला, २०१६ पर्यंत काढून टाकला. भोपाळने काढला. इंदूरचा साडेअकरा किलोमीटरचा मार्ग २०१३ पासून चालू होता. उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये तो हटवायला परवानगी दिली. पुण्यात नगर रस्त्यावरची बीआरटी २०२३-२४ मध्ये उखडली गेली. कारण एकच दिलं जातं, वाहतूक कोंडी.

नगर रस्त्यावर मेट्रोच्या खांबांनी आणि स्टेशनांनी जागा घेतली, बीआरटी मार्ग तुकड्यातुकड्यात उरला, स्वयंचलित दारं बंद पडली, स्टेशनं ओस पडली. अशा अवस्थेत ती काढणं अनेकांना सोयीचंच वाटलं. पण काढल्यावर कोंडी संपली का? मोकळ्या झालेल्या लेनमध्ये आणखी मोटारी आल्या, इतकंच. रस्ता रुंद केला की वाहनं वाढतात, हे जगभरच्या शहरांनी अनुभवलं आहे. बसमधला प्रवासी मात्र आता सगळ्यांबरोबर त्याच कोंडीत उभा असतो.

दुसरं कारण कुणी उघड बोलत नाही. मेट्रोचं उद्घाटन होतं, तिच्यासमोर फोटो निघतात, आसपास जागांचे भाव वाढतात. बसच्या लेनला फीत कापण्यासारखं काही नसतं. शिवाय मेट्रोच्या खर्चात केंद्र, राज्य आणि परदेशी कर्ज असतं, तर पीएमपीची तूट दरवर्षी पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांना ६०:४० प्रमाणात स्वतःच्या तिजोरीतून भरावी लागते. एकदाच मिळणारे हजारो कोटी दिसतात; दरवर्षी द्यावे लागणारे शेकडो कोटी टोचतात.

खरं तर केंद्राच्याच २०१७ च्या मेट्रो धोरणात अट आहे की मेट्रोचा प्रस्ताव पाठवण्याआधी बीआरटी, लाइट रेल अशा पर्यायांचा अभ्यास करून मगच मेट्रो निवडावी. कागदावर हा अभ्यास होतो. त्यातून ‘बसच पुरेशी आहे’ असा निष्कर्ष निघून मेट्रोचा प्रस्ताव मागे घेतल्याचं उदाहरण शोधावं लागेल.

मधला मार्ग आहे का?

नाशिकसाठी ‘मेट्रो निओ’ मांडली गेली ती याच विचारातून: रबरी टायरची, विजेवर चालणारी जोडबस, उन्नत मार्गावरून. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी जाहीर झाले. टाळ्या वाजल्या, गाडी अजून आलेली नाही.

हुबळी-धारवाडचं उदाहरण महाराष्ट्राला जास्त जवळचं आहे. वीसेक किलोमीटरवरची दोन शहरं, एकीकडे बाजारपेठ आणि रेल्वेचं मुख्यालय, दुसरीकडे विद्यापीठ. दिवसभर माणसं ये-जा करतात. २०१८ मध्ये तिथे ‘चिगरी’ नावाने बस धावू लागल्या (कन्नडमध्ये चिगरी म्हणजे हरीण). स्टेशनापाशी ओलांडून जायची लेन असल्याने न थांबणाऱ्या जलद बसही सोडता येतात. तक्रारी तिथेही आहेत: बाजूच्या लेन अरुंद झाल्या, देखभाल ढिली पडली. तरी बस भरून जातात. महाराष्ट्रात असा विचार करायचा तर सांगली-मिरज किंवा छत्रपती संभाजीनगर-वाळूज हे पट्टे आधी डोळ्यांसमोर येतात. तिथे अजून रस्त्याच्या कडेला जागा आहे. आणखी दहा वर्षांनी नसेल.

ढोकीला यातलं काय लागू पडतं?

बीआरटी तर नक्कीच नाही. राखीव लेन परवडायला तासाला निदान ५०-६० बस लागतात, आणि लातूर-बार्शी रस्त्यावर तेवढी मागणी नाही. पण बीआरटीतलं जे खरं मर्म आहे, म्हणजे बस किती वेळाने येते, ते इथेही तितकंच लागू पडतं. धाराशिव वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. कॉलेजला, जिल्हा रुग्णालयाला, तहसीलच्या कामाला जाणाऱ्याला वातानुकूलित गाडी नको असते; पुढची गाडी कधी येणार हे माहीत हवं असतं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. तिकीट परवडू लागलं, पण गाडीच वेळेवर आली नाही तर सवलत फाट्यावर उभी राहते आणि वडाप भरून निघून जातं.

शहरांसाठी केंद्राचा निकष लाख लोकसंख्येमागे ६० बसचा आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या ७० लाख धरली तरी ४,२०० बस हव्यात. पीएमपीच्या ताफ्यात दोन हजारांच्या आसपास आहेत. म्हणजे मेट्रो हवी की बीआरटी, या वादाच्याही आधी दोन हजार बसची साधी वजाबाकी शिल्लक आहे.

हडपसरला राहून हिंजवडीला जाणाऱ्या ढोकीच्या पोराला पुढची काही वर्षं दोन गोष्टी एकाच वेळी झेलायच्या आहेत. सोलापूर रस्त्यावर मेट्रोच्या खांबांसाठी बॅरिकेड लागतील तेव्हा एक-दोन लेन जातील, आणि कामाला अडथळा आला तर पाच वर्षांची मुदत पुढे सरकेल. पहिल्या टप्प्यातही सरकली होती. तोवर त्याचा आधार पीएमपीची बसच असेल. मेट्रो आल्यावरही घरापासून स्टेशनपर्यंत आणि स्टेशनापासून कंपनीच्या गेटपर्यंत बसच लागेल. मेट्रोचं तिकीट १० ते ३५ रुपयांत आहे. दोन्ही टोकांना रिक्षा करावी लागली तर ते पैसे त्याच्या कित्येक पट होतात.

पावसाळ्यात हे अंतर पायीही काटता येत नाही. मांजरी-फुरसुंगीच्या आतल्या रस्त्यांवरून सकाळी आठला मेट्रो स्टेशनकडे किती बस सुटतील, हे आराखड्यात कुठे लिहिलं आहे का, ते काम सुरू होण्याआधी विचारायला हवं.